कानाची खूण

"फोटो कशाला टाकला, मास्तर? खूणच दाखवली जगाला!" पंक्चरवाला माझ्यावर ओरडला. तो ओरडला की कुंभार पिंपळगावातल्या निम्म्या ट्यूबा आपोआप फुगतात. चुकलेली शेळी सापडली, की तो ती ताडपत्रीमागं बांधतो आणि जो शेळी न बघता कानाची खूण सांगेल त्यालाच देतो. या वेळी मी मदत म्हणून शेळीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात पाच मालक हजर, पाचही म्हणाले, "डावा कान कापलेला!"

त्यानं टायर आपटला आणि शेळी सोडली. ती पाचांना ओलांडून मागं उभ्या म्हातारीला जाऊन चिकटली.

"तीन दिवस हुडकून राह्यले रे बाबा," म्हातारी रडली.

मी पंक्चरवाल्याला म्हणालो, "चुकलं माझं."

"पंक्चर हाय का? नसल तर सरका."