नावावरचं फडकं

बंगालातल्या बराकपूरला आमच्या फाटकाबाहेर झाडाखाली जो इस्त्रीवाला बसतो, तो मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणतो. माझ्या फौजी नवऱ्याचा गणवेश हातात घेतला, की खिशावरच्या नावपट्टीवर आधी फडकं घालतो. "नावाला चटका नको, बौदी." दर वेळी हेच, तेही दोनदा. मला वैताग यायचा.

काल त्याने एक इंग्रजी कागद वाचायला दिला. मतदार यादीतल्या त्याच्या नावाबद्दल शंका होती. भारताचा नागरिक असल्याचे पुरावे घेऊन सुनावणीला हजर राहायचं होतं. त्याचे वडीलही ह्याच झाडाखाली फौजेचे कपडे इस्त्री करायचे! आम्ही दोन वर्षांपूर्वी बदलीवर आलो, तर आमची नावं कुणी काही न विचारता यादीत लागली.

मी कसंबसं सांगितलं. वाटलं, आता हा रडेल, नाहीतर शिव्या देईल. त्याने तो चुरगळलेला कागद फळीवर पसरला.

"असा नेला तर सुनावणीचे साहेब रागावतील. ह्यात माझं नाव कुठाय, बौदी?"

मी बोट ठेवलं. तिथे त्याने आधी फडकं घातलं, आणि मग इस्त्री फिरवली.