मिस्त्रीच्या तोंडून

फुलेवाडीचा नाका ओलांडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला टायरचं एक जुनं दुकान आहे. दुकान बसव्वाचं आणि टायरातली अक्कल अण्णासो मिस्त्रींची, असं सगळं गिऱ्हाईक मानून चालतं. यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी गेली सव्वीस वर्षं साफ खोटी आहे, आणि ते खोटं बसव्वानं स्वतःच्या हातानं उभं केलेलं आहे.

नवरा रुद्राप्पा वारला तेव्हा शशिधर वर्षाचा होता. दीर म्हणाले, दुकान मोडू या. बसव्वा मोडणाऱ्यातली नव्हती. ती गल्ल्यावर जाऊन बसली आणि येणारा प्रत्येक झिजका टायर हातानं चाचपू लागली. कडेला झिजलाय म्हणजे चाकं एका ओळीत नाहीत, मधोमध झिजलाय म्हणजे हवा जास्त, एकाच जागी खाल्लाय म्हणजे ब्रेक धरतोय. दोन वर्षांत तिचा तळहात टायर वाचू लागला. कुठल्या गाडीला, कुठल्या रस्त्याला, किती वजनाला कुठला टायर, हे तिला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अडचण एवढीच होती की तिला कुणी विचारत नव्हतं.

पहिल्याच वर्षी एका जीपवाल्याला ती म्हणाली, "हा टायर मोठा होतोय, घासंल." तो हसला आणि म्हणाला, "वैनी, तुमी पैशाचं बघा. मालक कुठं हायत?" मालक भिंतीवर हारात होते. तो शेजारच्या दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जीपवाल्याला तेच वाक्य दुकानातल्या अण्णासो मिस्त्रीनं सांगितलं, तर गडी मान डोलावून म्हणाला, "मिस्त्री म्हणत्यात तर बरोबर हाय."

त्या दिवसापासून बसव्वानं एक रीत पाडली. तिचं माहेर संकेश्वरचं, अण्णासो जैन घरातला, निपाणीच्या बाजूचा. दोघांनाही कानडी आईच्या दुधातनं आलेली. गिऱ्हाईक गाडी घेऊन उभं राहिलं की ती एकदा चाकांभोवती फिरायची, गल्ल्यावर येऊन बसायची आणि अण्णासोला कानडीत दोन शब्द टाकायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई चहाचं सांगतेय. अण्णासो मान खाजवायचा, टायरवर लाथ मारायचा आणि तेच दोन शब्द मराठीत पसरून सांगायचा. बाई दुकानात शहाणी निघाली की पुरुषमाणसाला आपली गाडीच हलकी झाल्यासारखी वाटते. मुकी बाई मात्र त्याला फार आवडते. दुकान चाललं. अण्णासोचं नाव पार गगनबावड्यापर्यंत झालं.

अण्णासो भला माणूस. नावाचा हार गळ्यात पडला तरी त्यानं तो कधी स्वतःचा मानला नाही. दोघंच असले की कानडीत म्हणायचा, "अक्का, डोस्कं तुमचं, माझं नुसतं तोंड." आणि ती म्हणायची, "तोंडच लागतंय अण्णा, डोक्याला कोण इचारतंय?" दोघं हसायची. आज आठवलं की बसव्वाला त्या हसण्याचीच चीड येते.

शशिधर मोठा झाला, पुण्यात दोन वर्षं राहून आला आणि त्यानं दुकानाचा अर्धा भाग काचेचा केला. भिंतीवर चकचकीत रिमा टांगल्या. बिस्किटासारख्या चौकोनी नक्षीच्या काळ्या टायरांची उतरंड लावली. गाड्या उचलून द्यायचं काम सुरू केलं. उचलून म्हणजे स्प्रिंगा बदलून, गाडीचं अंग चाकापासून चार-चार इंच वर चढवून. अशी गाडी ओढ्यातनं जावी, चिरेखाणीत चढावी म्हणून काढलेली ही युक्ती. आपल्याकडे ती रंकाळ्याच्या कडेनं मिरवायच्या कामाला लागली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण कोल्हापुरात हौसेपेक्षा ईर्षा महाग.

त्या ईर्षेवरच मुरगूडचा अमरसिंह आला. बापाची ठेकेदारी, गगनबावड्याला हॉटेलचं बांधकाम, आणि नवी कोरी पिकअप, पुढं पाच माणसांना बसायला जागा, मागं हौदा. मित्रानं गाडी दोन इंच उचलली म्हणून यानं चार इंच उचलून आणलेली. आता चाकं हवी होती.

"पस्तीस इंची टायर घाला," तो म्हणाला. "आन् रिमा अशा की चाक मडगार्डच्या वीतभर भाईर दिसलं पायजे. मुरगूडच्या पेठेतनं गेली की माणसं वळून बघाय पायजेत."

शशिधरनं एक चाक बसवून बघितलं. बसव्वा उठली. तिनं स्टिअरिंग पुरतं वळवायला सांगितलं आणि टायर नि मडगार्डच्या मागच्या कडेमध्ये बोट घातलं. एक बोट मावलं, दुसरं अडकलं. ही रिकामी, सपाट जमिनीवर उभी असलेली गाडी. पाच माणसं बसली, मागं सिमेंटची पोती पडली, घाटाच्या वळणावर गाडी एका अंगाला दबली, की हे एक बोटही उरणार नव्हतं. चाक बाहेर काढल्यानं तर ते वळताना जास्तच मोठा फेर घेणार होतं. तेहतीस इंच आणि साधी रिम, निम्मी डांबराला निम्मी चिखलाला चालेल अशी नक्षी. एवढंच त्या गाडीला शोभणारं आणि झेपणारं होतं.

गल्ल्यावर येऊन ती अण्णासोला म्हणाली, "ब्याड अण्णा. मूवत्तमूरऽ साक." नको अण्णा, तेहतीसच पुरे.

अण्णासोनं टायरवर लाथ मारली. "पावणं, पस्तीस नको. घाटात घासंल. तेहतीस घाला, जन्मभर नाव काढशीला."

अमरसिंहाचं तोंड उतरलं. मित्राच्या गाडीला तेहतीस होते. शशिधर लगेच पुढं झाला. "मिस्त्री जुन्या काळातलं हायत. आतलं प्लास्टिक जरा कापलं की झालं काम. मी बसवतो, माझी गॅरंटी." मग आईजवळ येऊन हळूच कानडीत म्हणाला, "अव्वा, गिऱ्हाइकासमोर माझी लाज काढू नको."

बसव्वानं गल्ल्यावरची वही पुढं ओढली. खरं तर त्या क्षणी तिनं उठून मराठीत, मोठ्यानं, तोंडावर सांगायला हवं होतं. पण सव्वीस वर्षं जे केलं नाही ते एका दुपारी कुठून येणार? आणि पोरगं तिचं. त्याची मान खाली जाऊ नये एवढंच तिला दिसलं.

अमरसिंह चहाला गेला. शशिधरनं कटर घेऊन आतलं प्लास्टिक कापलं. त्याच्या मागं पत्र्याची कड उघडी पडली, सुरीसारखी. अण्णासो म्हणाला, "शशी, ती कड ठोकून आत दाब, निदान घासून तरी घे." शशिधर म्हणाला, "दिसत न्हाय ते." मग चार चाकांखाली चार लिंबं ठेवली गेली, नारळ फुटला, कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं, आणि पिकअप रुबाबात निघून गेली. बसव्वा त्या चिरडलेल्या लिंबांकडं बघत राहिली.

वीस दिवसांनी गगनबावड्याहून घाट उतरताना, गाडीत घरची पाच माणसं आणि मागं सामान असताना, एका वळणावर पुढचा डावा टायर त्या कडेवर कापला गेला. गाडी डोंगराच्या बाजूला आदळली. दुसऱ्या बाजूला आदळली असती तर पुढचं सांगायलाच कुणी उरलं नसतं. अमरसिंहाची बहीण निशिगंधा पुढं बसली होती. तिचा डावा हात कोपरातनं असा मोडला की डॉक्टर म्हणाले, आता तो सरळ होणार नाही.

चौथ्या दिवशी अमरसिंह चार दोस्त घेऊन आला आणि फाटका टायर गल्ल्यावर आपटला. शशिधरचा रंग उडाला. पण पुण्याला राहून आलेलं पोरगं, जीभ त्याची जाग्यावर होती.

"टायर बरोबरच हुता, दादा," तो म्हणाला. "फिटिंगमधी चूक झाली. प्लास्टिक कापायचं काम मिस्त्रींचं. कड घासायला इसरलं ते. वय झालंय त्यांचं."

अमरसिंहानं ते लगेच मानलं. टायर चुकीचा असता तर तो मागणारा कोण होता? तोच. बहिणीच्या हाताचं पाप स्वतःच्या हौसेवर घ्यायची छाती त्याच्यात नव्हती. शशिधरला टायर बरोबर हवा होता आणि अमरसिंहालाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची म्हटल्यावर चोरांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही.

बसव्वा उठून उभी राहिली. "मिस्त्रींनी कटरला हातबी लावला न्हाय. टायरच मोठा हुता. मीच नको म्हटलं हुतं. वळवल्यावर एक बोट जागा ऱ्हात हुती, भरल्या गाडीत तीबी जाणार हुती. तेहतीस घाला म्हणून मीच सांगितलं हुतं."

"तुमी?" अमरसिंह म्हणाला. "मावशी, तुमी तर चहाचं सांगत हुता. टायरातलं तुमाला काय कळतंय?"

"मलाच कळतंय," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं मीच..."

दोस्तांतला एक हसला. "म्हातारी गड्याला पाठीशी घालतीया."

अमरसिंहानं अण्णासोची कॉलर धरली. अण्णासोनं त्याच्याकडं बघितलंच नाही. त्यानं बसव्वाकडं बघितलं, गिऱ्हाईक समोर असताना रोज बघायचा तसंच, काय बोलू म्हणून विचारत.

बसव्वाला तेव्हा सगळं लख्ख कळलं. तिचं खरं कुणाला पटणार नव्हतं, पण अण्णासोचं पटलं असतं. तिनं कानडीत दोन शब्द टाकले असते, शशीनं कापलं म्हणा, आणि अण्णासोनं ते मराठीत सांगितलं असतं, तर या माणसांनी क्षणात विश्वास ठेवला असता. मग त्यांनी शशिधरला काचेतनं बाहेर ओढला असता. त्याचा हात कोपरातनं कसा दिसेल हे तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"नंदऽ तप्पु अन्रि," ती म्हणाली. माझीच चूक म्हणा.

अण्णासो तिच्याकडं बघत राहिला. तिनं नजर खाली घातली. मग तो नेहमीसारखंच, सावकाश, खणखणीत मराठीत म्हणाला, "माझीच चूक झाली, पावणं."

अमरसिंहानं त्याच्या कानाखाली वाजवली. पासष्ट वर्षांच्या माणसाचा चष्मा टायरांच्या उतरंडीत जाऊन पडला. शिव्या देत ती माणसं निघून गेली. अण्णासोनं चष्मा शोधला, हात साबणानं धुतले, कामाचा सदरा घडी करून बाकावर ठेवला आणि चालायला लागला.

"बरं केलंस अव्वा," शशिधर म्हणाला. बसव्वाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. ती वेळ टायर बसवला त्याच दिवशी होऊन गेली होती.

अण्णासो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही. एक टेम्पोवाला आला. बसव्वानं त्याच्या मागच्या चाकाला कुठला टायर लागेल ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, नंबरासकट. तो म्हणाला, "मिस्त्री आलं की येतो," आणि गेला.

संध्याकाळी ती बालिंग्याला त्याच्या घरी गेली. त्याची बायको अक्काताई दारात होती. ती बाजूला झाली. अण्णासो ओट्यावर बसला होता, गालावर अजून निळं होतं. बसव्वा रस्ताभर जुळवत आलेली सगळी कानडी वाक्यं एका दमात बोलली. पोटचं पोरगं होतं, अण्णा. माझी मती गेली. तुमच्याशिवाय मला तोंड नाही. परत या.

त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सव्वीस वर्षांत तो तिच्याशी मराठीत एक शब्द बोलला नव्हता.

"उभ्या का, पावणं?" तो म्हणाला. "बसा की. पाणी देऊ?"