नाल्यावरची कविता

चिंतामणी कारकुनाने उभ्या आयुष्यात एकच कविता लिहिली, आणि तीही आधी आखून. जबलपुरातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आवक-जावक सांभाळणारा माणूस. शिंकसुद्धा नोंद केल्याशिवाय द्यायचा नाही. पासष्टची लढाई पेटली होती. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू, आणि तेजाबाचं पिवळं पाणी क्वार्टरांमागच्या नाल्यात.

त्याच नाल्यावर शकु धोबीण कपडे धुवायची. एके दिवशी गठ्ठा ठेवून तिने हात पुढे केले. बोटांची सालटी निघाली होती.

"बाबूजी, तुम्ही शिकलेले. मोठ्या साहेबाला सांगा ना, हे पाणी दुसरीकडे काढा म्हणून."

चिंतामणीला खरंच भडभडून आलं. गणपतीत मराठी मंडळाची कवितास्पर्धा होती आणि पाहुणे होते कारखान्याचेच मोठे साहेब, विष्णुपंत. त्याने कागदावर बेत मांडला: आधी नाल्याचं सुख, मग दुःख, मग गुन्हेगार, शेवटी साहेबांना साकडं.

बायकोने, विनताने, तो कागद वाचला. "गुन्हेगार म्हणून कारखाना काहून लिहून राहिले? लढाई चालू आहे. साहेब फितूर म्हणतील तुम्हाला. नोकरी गेली तर खायचं काय?"

चिंतामणीची पाचावर धारण बसली. पण गुन्हेगाराशिवाय कवितेला जोर येईना. भित्र्या माणसाला गुन्हेगार नेहमी आपल्याहून गरीबच सापडतो. तीन दिवस डोकं खाजवून त्याने ती जागा भरली: धोब्यांचा सोडा, आणि पाणी नासवणारे त्यांचे सोललेले हात. बाकी बेत होता तसाच ठेवला.

कविता रंगली. बायकांनी डोळे पुसले. विष्णुपंतांनी पहिला नंबर दिला आणि आठवड्याच्या आत नाल्याला काटेरी तार ठोकून धोब्यांना हाकललं. पिवळं पाणी वाहतच राहिलं.

शकु शेवटचा गठ्ठा घेऊन आली. आता ती कुंडमला भावाच्या दारात पडणार होती.

"तुमची कविता लय गाजली म्हणतात, बाबूजी. आम्हाला मांडवात कोण घेते? माझ्या हाताचं घातलं होतं काय त्यात?"

"घातलं होतं," चिंतामणी म्हणाला.

"अच्छा. म्हणजे तुम्ही सांगितलं, साहेबानंच ऐकलं नाही. तुमचा काय दोष?" असं म्हणून तिने तेच हात त्याच्यापुढे जोडले.