घड्याळबाईंचं दीड मिनिट

घड्याळबाई हे नाव त्यांना रेडिओ केंद्रावरच्या एका तंत्रज्ञाने दिलं आणि त्यांनी ते कौतुक समजून मिरवलं. सत्तावीस वर्षं त्या सार्वजनिक रेडिओवरून संध्याकाळच्या जिल्हा बातम्या वाचत होत्या. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. धरणातून पाणी सोडल्याची बातमी ऐन वेळी हातात पडली, की वाचता वाचताच त्या पुढच्या दोन बातम्यांवर पेन्सिलीने काट मारायच्या आणि शेवटचा नमस्कार नेमक्या सेकंदाला म्हणायच्या. घरीही तोच खाक्या. मुलगा म्हणायचा, "आमची आई रागावते तेही वेळेत आवरतं घेऊन."

आता त्या केंद्राचं अनुदानच थांबवायचं घाटत होतं. ‘बंद’ हा शब्द मात्र कोणी तोंडातून काढत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं ‘सुसूत्रीकरण’. ज्याने हा शब्द शोधून काढला त्याला एकदा नदीकाठच्या त्या खोऱ्यात नेऊन सोडायला हवं होतं, जिथे फोनला रेंज म्हणून नाही आणि धरणाचं पाणी किती वाजता सुटणार हे फक्त बाईंच्या आवाजात कळतं. निर्णय घ्यायच्या आधी लोकांचं ऐकायचं असतं, म्हणून अनुदान ठरवणाऱ्या समितीने एक सुनावणी ठेवली. केंद्राच्या बाजूने बोलायला बाईंना पाच मिनिटं दिली.

बाईंनी आठ दिवस खपून निवेदन लिहिलं. बरोबर पाच मिनिटांचं. शेवटी त्यांनी एका नावाड्याचं पत्र ठेवलं होतं. आणि आपलं पत्र भरसभेत वाचलं जाणार म्हणून तो नावाडी चार तास बसने आला होता. नवा शर्ट, घड्या अजून तशाच उमटलेल्या. तो सगळ्यात मागच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

बाईंच्या आधी एक सल्लागार उठला. त्याने पडद्यावर रंगीत आलेख दाखवत चांगली पंचवीस मिनिटं खाल्ली. रेडिओचे श्रोते त्याने मोबाईलमधल्या ॲपवरून मोजले होते. खोऱ्यात मोबाईल चालत नाही, म्हणजे याच्या हिशेबी खोऱ्यात माणसंच राहत नाहीत! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात अध्यक्ष बाटलीतलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, वेळ फार झालाय. तुम्ही दीड मिनिटात आटपा."

दुसरं कोणी असतं तर भांडलं असतं. पाचाचं दीड कसं केलंत म्हणून सभागृह डोक्यावर घेतलं असतं. बाईंचा हात मात्र पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला. सत्तावीस वर्षांची खोड ती! दीड मिनिट म्हणजे पावणेदोनशे शब्द, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. माइकपर्यंत चालत जाताना त्यांनी परिच्छेदांमागून परिच्छेद छाटले. पत्र सगळ्यात लांब, म्हणून पहिली काट त्याच्यावर. मग सुरेख, स्वच्छ, कुठेही न अडखळता त्या बोलल्या आणि एकोणनव्वदाव्या सेकंदाला थांबल्या. क्षणभर त्यांना बरंही वाटलं.

"व्वा!" अध्यक्ष खूश होऊन म्हणाले. "बघा, दीड मिनिटात सगळं आलं की! मग रोज दहा मिनिटं कशाला हवीत? राजधानीच्या बातम्यांच्या शेवटी जिल्ह्याला दीड मिनिट देऊ. त्यासाठी वेगळं केंद्र कशाला पोसायचं? मॅडमनीच दाखवून दिलं."

समितीतले लोक हसले. सल्लागाराने तर वहीत लिहूनही घेतलं.

बाई जागेकडे निघाल्या आणि त्यांची नजर मागच्या रांगेवर गेली. नावाडी खाली बघत होता. रागावलेला नव्हता. आपलंच पत्र वाचण्यासारखं नसेल, असं मानून तो ओशाळला होता. ते पाहिलं आणि बाईंना स्वतःची इतकी चीड आली, की आधीची सगळी आग तिच्यापुढे काहीच नव्हती. या लोकांनी सुरी नुसती टेबलावर ठेवली होती. गळा आपण आपल्या हाताने कापून दिला, तोही वेळेत.

त्या फिरल्या आणि परत माइकसमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमचं झालंय," अध्यक्ष म्हणाले.

"झालेलं नाही. सगळं आलं म्हणालात ना? नाही आलं. एक पत्र राहिलंय, आणि ज्याचं आहे तो माणूस मागे बसलाय."

"ते लेखी द्या."

"लेखीच आहे. वाचायला आणलंय." बाईंनी कागद उलगडला. "‘बाईंना नमस्कार. मागच्या वर्षी तुमची बातमी ऐकून मी भर बाजाराच्या दिवशी नाव बांधून ठेवली...’"

अध्यक्षांनी बोटाने खूण केली. माइकचा लाल दिवा विझला.

बाईंनी विझलेला दिवा पाहिला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे पाहिलं नाही. आवाज चढवला नाही की घाई केली नाही, बातम्या वाचायच्या त्याच आवाजात त्या वाचत राहिल्या. "‘लोकांनी मला शिव्या घातल्या. दोन जण तर अंगावर आले. तासाभराने पाणी आलं. तुम्ही बंद झालात तर नाव कधी बांधायची हे मला...’"

"मॅडम, माइक बंद आहे!" सल्लागार ओरडला. "काहीही ऐकू येत नाहीये!"

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. नावाडी उभा राहिला होता.

"मला येतंय," तो म्हणाला. "वाचा, बाई."