बाल्कनीतल्या बाटल्या

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, दवाखान्यातल्या पेटीत झोपणाऱ्या तुदोरला आपलं दूध सोसेल ना, हा घोर इलिंकाची पाठ सोडत नव्हता. काल दूध काढून फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाटल्या नवरा नुकताच दवाखान्यात घेऊन गेला होता. तिने फ्रीज उघडला, तर आत नाताळच्या सारमालेचं, म्हणजे खिमा भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांचं, भलंमोठं पातेलं.

"आई, बाटल्या कुठे होत्या?" तिने सासूला विचारलं.

"कालपासून बाल्कनीत. पातेलं काय तुझ्या डोक्यावर ठेवू? हिवाळ्यात आमचं सगळं तिथेच टिकतं."

काचा लावलेल्या बाल्कनीत ऊन भरलं होतं. कठडा चांगलाच कोमट होता.

"दवाखान्यात सांगावं लागेल."

"सांग की, सासूने नातवाला नासकं दूध पाठवलं म्हणून. मग माझ्या घरात कशी राहतेस तेही बघते."

इलिंकाला जायला दुसरं घर नव्हतं. पण तुदोरला ते दूध पाजायला वीसच मिनिटं उरली होती. तिने सासूसमोरच वॉर्डाचा नंबर लावला.