जास्त तेज निघालेला कॅटॅलिस्ट

वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरची नळी पुन्हा पांढऱ्या खड्यांनी तुंबली होती. आठवड्यात तिसऱ्यांदा. प्लांट बंद, आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर निंबाभाऊंच्या नावाचा मेमो टाइप होऊन तयार.

निंबाभाऊ आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. रोज धरणगावहून यायचे. मी प्लांटची केमिस्ट. जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात बेंझाल्डिहाइड बनतं. कडू बदामासारख्या वासाचं हे द्रव्य साबण-अत्तरांत जातं. त्यासाठी बेंझिल अल्कोहोलची वाफ हवेबरोबर कॅटॅलिस्टवरून सोडतात. कॅटॅलिस्ट म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शन घडवून आणणारा पदार्थ. आमच्याकडे धातूचा लेप दिलेले वाटाण्याएवढे दाणे. ऑक्सिडेशन एका पायरीवर थांबलं तर बेंझाल्डिहाइड. एक पायरी पुढे गेलं की बेंझॉइक ॲसिड. तेच हे पांढरे खडे.

"टेम्परेचर वाढवून ठेवलं असणार," साहेब म्हणाले. "रिटायरमेंट जवळ आलीय, लक्ष कुठाय त्यांचं?"

निंबाभाऊ मान खाली घालून उभे. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, बठ्ठं बराबर शे. मी सेटिंगले हात बी लावा नही."

सगळं बरोबर असेल तर खडे येतात कुठून? मी रोजच्या नोंदींची लॉगशीट काढली. सेटिंग खरंच तेच होतं. पण दाण्यांच्या थराच्या मधोमध टेम्परेचर चढत होतं, आणि तेही कॅटॅलिस्टचा नवा ड्रम रिॲक्टरमध्ये भरला त्या दिवसापासून. त्या ड्रमच्या टेस्टवर सही माझी. रिॲक्शन फार वेगाने होते म्हणून मी खूश होऊन पास केला होता. मी लॉगशीट उचलली. साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मेमो माझ्या नावाने काढा. ड्रम मी पास केलाय."

साहेबांनी टाइप केलेला मेमो बाजूला सारला. "आणि ड्रममधला माल? फेकून द्यायचा?"

"आठ दिवस द्या."

धातूच्या पृष्ठभागावर काही जागा फार तापट असतात; तिथेच ऑक्सिडेशन ॲसिडच्या पायरीपर्यंत जातं. टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन त्या झाकायच्या, असं ठरवलं. दाणे द्रावणात बुडवायचे, वाळवायचे, भट्टीत भाजायचे. पहिल्या खेपेला लॅबच्या छोट्या रिॲक्टरमधून अल्कोहोल गेलं तसंच बाहेर आलं. कॅटॅलिस्ट पार झोपला.

मदतीला निंबाभाऊच होते. दाणा बोटांत फिरवून म्हणाले, "सारवण जाड हुई गयं, मॅडम. पातय करा."

द्रावण दहापट पातळ केलं. या वेळी ॲसिड जेमतेम निघालं, बेंझाल्डिहाइड मात्र भरपूर. आम्ही दोघांनी सगळा ड्रम थोडा थोडा करून बुडवला. आठाचे अकरा दिवस झाले. प्लांट सुरू झाला आणि महिनाभर नळी उघडावी लागली नाही.

मेमो मला मिळाला. निंबाभाऊंना साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "माफ करा" मात्र म्हणाले नाहीत.

तेज कॅटॅलिस्ट कोणीही निवडतो. तो रिॲक्शन कुठे थांबवतो, हे बघायचं असतं. आता नव्या ड्रमवर सही करण्याआधी टेस्टचे आकडे मी ऑपरेटरला वाचून दाखवते; प्लांट त्यालाच चालवायचा असतो.