फॉल, फेल, फॉलन

वृद्धांच्या त्या दवाखान्यात त्यांना सगळे मावशीच म्हणत. माणसाला हलकेच कुशीवर वळवून अंगाखालची चादर बदलावी तर मावशींनीच. त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. अडायचं ते एकाच ठिकाणी. पाळी बदलताना वॉर्डात काय घडलं ते इंग्रजीत सांगावं लागे, कारण मोठ्या सिस्टर परक्या मुलखातून आलेल्या. मावशींचं इंग्रजी म्हणजे वॉटर, पेन, स्लीप. उरलेलं हातवाऱ्यांवर निभवायचं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे घड्याळजी होते. एका सकाळी ओल्या फरशीवर त्यांचा पाय सटकला आणि ते खाली बसलेच. साधं खरचटलंही नाही. मावशींनी त्यांना उठवलं आणि पाळी बदलताना सांगितलं, "सिस्टर, ही फॉल."

"ही फॉल्स? ऑफन?" सिस्टरांनी विचारलं.

मावशींना त्यातलं 'फॉल' तेवढं कळलं. त्यांनी मान डोलावली. "येस, फॉल."

दुपारपर्यंत घड्याळजींच्या खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे लागले. उठायचं नाही, चालायचं नाही, असा हुकूम झाला.

"मी काय पाळण्यातलं पोर आहे?" घड्याळजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायलाही वळले नाहीत.

मावशींनी दुसऱ्या नर्सला कारण विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, ते सारखे पडतात म्हणून."

घरी त्यांची सून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती कुरिअर कंपनीत फोनवर बोलायचं काम करी. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, एकदाच पडले ना? मग फॉल नाही, फेल म्हणायचं."

मावशी म्हणाल्या, "तो शब्द नको बाई मला. सातवीत फेल झाले आणि माझी शाळा सुटली. शाळा लांब होती असं सांगते मी लोकांना."

सुनेने हातातला सदरा खाली ठेवला. "हा तो फेल नाही, आई. हा पडल्याचा. तोंड थोडं आखडतं घ्यायचं आणि पटकन सोडायचा."

"पण वॉशचं वॉश्ड होतं ना? मग फॉलचं फॉल्ड का नाही?"

"आपण 'जातो'चं 'जाला' म्हणतो का? 'गेला'च म्हणतो. तसाच आडमुठा आहे हा."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखा," मावशी म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

सुनेने पुढे फॉलनही सांगितलं. "एका पडण्याला तीन-तीन शब्द?" मावशी वैतागल्या. पण 'त्यानंतर पुन्हा पडले नाहीत' हे सांगायला तिसराच लागतो म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. भांडी घासताना फॉल, फेल, फॉलन; केस विंचरताना फॉल, फेल, फॉलन. मुलगा म्हणाला, "आई, कुणाला शिव्या देतेयस?"

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मावशी दाराशी न थांबता थेट सिस्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर, घड्याळजी. ही फेल. वन टाइम. फ्लोअर वेट." त्यांनी दम घेतला. "ही हॅज नॉट फॉलन अगेन."

सिस्टरांनी काहीतरी भराभर विचारलं. मावशींनी या वेळी मान डोलावली नाही. "स्लो, प्लीज," त्या म्हणाल्या. सिस्टरांनी सावकाश विचारलं, आणि मावशींनी तेच वाक्य पुन्हा, पहिल्यापेक्षा ठणठणीत आवाजात सांगितलं.

डॉक्टर आले. त्यांनी घड्याळजींना आधार देऊन चालवलं, मग आधार काढूनही चालवलं. संध्याकाळच्या आत कठडे निघाले.

"काय जादू केलीस?" घड्याळजींनी विचारलं.

"जादू कसली? आधी चुकीच्या काळात सांगितलं होतं, आज बरोबर सांगितलं."

जाताना सिस्टरांनी मावशींना थांबवलं. खिडकीकडच्या सगळ्या खाटांची हकीकत यापुढे तुम्हीच सांगायची, असं त्यांनी दुसऱ्या नर्सकरवी कळवलं.

सकाळी मावशींनी ठेवणीतले कपडे काढले, कडक इस्त्री केली आणि आरशासमोर चांगला वेळ घेतला.

"कुठे लग्नाला निघालीस?" मुलाने विचारलं.

"कामावर," मावशी चपला घालत म्हणाल्या. "आज मला तिथे बोलायचंय."